थंबनेलचे पंचांग

२२ सप्टेंबर २०२५ ला, सोमवारी, घट बसले आणि नवरात्राचा पहिला रंग पांढरा ठरला. आदल्या वर्षी ३ ऑक्टोबरला गुरुवारी घट बसले होते, म्हणून पहिला मान पिवळ्याचा. या रंगांचा हिशेब वाराशी बांधलेला आहे: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी केशरी, उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांपैकी दोन. प्रथा काही पुराणातली नव्हे. साधारण दोन दशकांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने ती वाचकांपुढे मांडली आणि बघता बघता ती लोकलच्या लेडीज डब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत पोहोचली. आता सप्टेंबर लागला की असंख्य बायका फोनवर ‘नवरात्रीचे नऊ रंग’ शोधतात. समोर येणाऱ्या थंबनेलांमध्ये एक हमखास असते: नऊ साड्यांची ओळ, डावीकडून पहिली पिवळी. २०२४ मध्ये ते अगदी बरोबर होते. २०२५ मध्ये तेच चित्र पाहून कुणी पिवळी साडी इस्त्रीला टाकली असेल, तर ऑफिसात ती एकटीच पिवळी दिसली असणार. त्यातून त्या वर्षी दसरा आला २ ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्र चक्क दहा दिवसांचे झाले आणि नऊ रंगांच्या यादीपुढे एक दिवस उरला.

सणासुदीच्या व्हिडिओचे थंबनेल हा विषय इथून सुरू होतो. चित्र देखणे आहे का, हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारायचे, की पाहणारी बाई किंवा बुवा आज सणापासून किती दिवसांवर आहे आणि या घडीला त्या घरात काय चालले आहे. तांदूळ भिजत पडलेत, की मोदकाची पारी फाटते आहे? मखराचे सामान आणायचे आहे, की उद्या सकाळी गणपती येणार आणि भिंत अजून मोकळीच आहे? त्या त्या दिवशीच्या अडचणीला जे चित्र उत्तर देते तेच उघडले जाते. पुढच्या पानांत फोटो, अक्षरे, रंग आणि वेळापत्रक यांची प्रकरणे वेगवेगळी आहेत, पण ती एकाच वेळी टेबलावर पसरून वाचावीत अशी आहेत. थंबनेल बनवणारा एका कोपऱ्यात आणि तारखा पाहणारा दुसऱ्या कोपऱ्यात, अशी वाटणी झाली की सणाचे व्हिडिओ फसतात.

तांत्रिक बाजू चटकन उरकता येते. यूट्यूबला थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचे, म्हणजे सोळास नऊ या प्रमाणातले लागते. स्वतःचे चित्र लावले नाही, तर यूट्यूब व्हिडिओतल्याच तीन चौकटी सुचवते, आणि त्यात बोलणाऱ्याचे डोळे अर्धवट मिटलेले किंवा झारा तोंडापुढे आलेला असण्याची शक्यता दांडगी. यूट्यूबच्या सुरुवातीच्या वर्षांत तर बहुतेकांना अशाच चौकटींवर समाधान मानावे लागे. नेमकी मधली चौकट उचलली जाते हे काही चलाख मंडळींनी हेरले आणि व्हिडिओच्या बरोबर मध्यावर, विषयाशी संबंध असो वा नसो, एखादे झगझगीत चित्र घुसवायला सुरुवात केली. पुढे स्वतंत्र थंबनेल लावण्याची सोय आधी भागीदार चॅनेलांना आणि मग फोन नंबर पडताळलेल्या सगळ्यांना मिळाली, आणि हा एक वेगळा धंदाच उभा राहिला. सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्या व्हिडिओंपैकी ९० टक्क्यांना मुद्दाम बनवलेले थंबनेल असते, असे यूट्यूबनेच सांगितले आहे.

नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये एका लेखात आपल्या अभ्यासातले आकडे जाहीर केले होते. काय पाहावे हे शोधताना प्रेक्षकाचे ८२ टक्के लक्ष चित्रावर असते आणि एका नावावर तो सरासरी १.८ सेकंद घालवतो. त्याच लेखात आणखी एक निरीक्षण होते, जे आपल्याकडच्या ‘आमच्या घरचा गणपती’ छापाच्या व्हिडिओंना फार लागू पडते: चित्रात तीनपेक्षा जास्त माणसे आली की त्याचा जोर कमी होतो. काका, काकू, आत्या, भाचरे आणि मधे कुठेतरी मूर्ती असा सतरा जणांचा फोटो घरातल्या भिंतीवर शोभतो. फोनवर त्याचा नुसता चिवडा होतो.

मराठी माणसाला ही स्पर्धा अनोळखी नाही. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा, ठरावीक दिवसांत, शेजारी शेजारी मांडलेल्या मुखपृष्ठांनी वाचकाला हाक मारायची ही रीत पुढे रुळली. दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’साठी रंगवलेली मुखपृष्ठे लोकांनी कापून जपून ठेवली. स्टॉलवर दोरीला चिमट्याने लटकलेल्या अंकांपैकी हात कुठे जातो, हे संपादकाला आणि विक्रेत्याला दोघांनाही पक्के ठाऊक असे. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती हे तर त्याहून जवळचे उदाहरण. एवढ्याशा चौकटीत, काळ्या-पांढऱ्यात, शेजारी आणखी वीस नाटके, आणि त्यातून आपले नाव वेगळे दिसायला हवे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना जी अक्षरे दिली ती नाटक पाहण्याआधीच त्याचा स्वभाव सांगून जात. थंबनेलवर मराठी अक्षरे टाकणाऱ्याने जुन्या वर्तमानपत्रांतले नाटकांचे पान उघडून अर्धा तास बसावे. इंग्रजी ट्यूटोरियलांत ही शाळा सापडणार नाही.

इंग्रजी ट्यूटोरियलांची दुसरी अडचण तारखांची. तिथे हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, नाताळ २५ डिसेंबरला आणि थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. एकदा वेळापत्रक लावले की दरवर्षी तेच चालते. आपल्याकडे तसे चालत नाही. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मग अधिक ज्येष्ठ आडवा आल्याने २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरवर उडी मारते. ‘गेल्या वर्षी आपण मोदकाचा व्हिडिओ ऑगस्टच्या अमुक तारखेला टाकला होता’ ही नोंद म्हणूनच निरुपयोगी. नोंद ठेवायची ती सणाच्या आधी किती दिवस, या मापात.

सगळ्यात फसवी संक्रांत. ती इंग्रजी तारखेने जवळजवळ स्थिर, १४ किंवा १५ जानेवारी, त्यामुळे तिच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. पण हळदीकुंकू, वाण आणि बोरन्हाण यांचा मोसम संक्रांतीला संपत नाही, तो रथसप्तमीपर्यंत चालतो, आणि रथसप्तमी तिथीने येते. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला: तब्बल महिनाभर बायका ‘वाणाला काय द्यावे’ शोधत होत्या. २०२६ मध्ये हेच अंतर १४ ते २५ जानेवारी, म्हणजे जेमतेम अकरा दिवस. पहिल्या वर्षी संक्रांत उरकल्यावर निवांत बनवलेला हलव्याच्या दागिन्यांचा व्हिडिओ चालून गेला असता. दुसऱ्या वर्षी तो तयार होईपर्यंत हळदीकुंकवाचा हंगाम आटोपलेला. आणि हलव्याच्या दागिन्यांच्या थंबनेलमध्ये काळ्या कापडावरचा पांढरा हलवा इतका उठून दिसतो की त्याला वेगळी कारागिरी करावीच लागत नाही. इथे सगळा खेळ वेळेचाच आहे.

मग तिथीचे वाद. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर देशभर चर्चा झाली. २०२५ मध्ये पुन्हा तेच, २० की २१ ऑक्टोबर. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी २० ला पूजन झाले, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी २१ सांगितली. अशा वर्षी थंबनेलवर ठसठशीत तारीख छापणे म्हणजे एका बाजूला उभे राहणे. ज्योतिषाचे चॅनेल असेल तर ‘२० की २१?’ हा प्रश्नच थंबनेलचा मजकूर होतो, आणि तो रास्तही आहे, कारण व्हिडिओत त्याचे उत्तर असते. पण रांगोळीच्या किंवा फराळाच्या व्हिडिओवर तारीख टाकण्याची हौस कशाला? तिथे ‘लक्ष्मीपूजन’ एवढा शब्द पुरतो. तारीख ज्याने त्याने आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहावी.

आता खरा गाभा, म्हणजे घरातल्या तयारीचे घड्याळ.

दिवाळीचा फराळ एका दिवसात होत नाही आणि त्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला सुरू होतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग सावलीत सुकवून दळायचे, गुळात मळून पीठ पुन्हा काही दिवस मुरायला ठेवायचे. म्हणजे अनारशाची माहिती बाईला वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधी तरी हवी. वसुबारसेलाच ‘परफेक्ट जाळीदार अनारसे’ असे थंबनेल समोर आले, तर तिला ते वाकुल्या दाखवल्यासारखे वाटेल. चकलीच्या भाजणीचे धान्य धुऊन, वाळवून, भाजून गिरणीत न्यायचे असते आणि त्या दिवसांत गिरणीत रांग असते, म्हणून भाजणीचे प्रमाण दसरा उलटताच शोधले जाते. शंकरपाळे, करंज्या, लाडू त्यानंतर. चिवडा शेवटी, कारण तो ताजा कुरकुरीत हवा. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांचे घड्याळ आणखी पुढे धावते. कुरिअरचा डबा अमेरिकेत दिवाळीआधी पोहोचायचा तर दसऱ्याच्या आसपास तळणी आटोपलेली बरी. ‘महिनाभर टिकणारा फराळ’ हा थंबनेलवरचा मजकूर म्हणूनच दिवाळीच्या आठवड्यात मंद असतो आणि नवरात्रात चालतो.

यातून निघते ते असे, की एकाच चकलीच्या व्हिडिओला हंगामात एकापेक्षा जास्त थंबनेले लागू शकतात. दसऱ्याच्या सुमारास परातीतली भाजलेली धान्ये आणि त्यावर ‘भाजणी: १ किलोचे प्रमाण’. दिवाळीला आठवडा उरला की सोऱ्यातून पडणारी चकली. आणि धनत्रयोदशीला? तेव्हा पाहणारीच्या कढईत काहीतरी बिघडलेले असते. चकली तेलात विरघळते आहे, किंवा तुकडे पडताहेत, किंवा कालची कुरकुरीत आज मऊ पडली आहे. तिला प्रमाण नको, सुटका हवी. ‘चकली मऊ पडली?’ एवढे तीन शब्द, बाजूला एक वाकलेली मऊ चकली आणि एक कडक. व्हिडिओत त्या दुरुस्तीचा भाग खरोखर असेल तरच हे करावे, हे सांगायला नकोच. यूट्यूबवर थंबनेल कधीही बदलता येते, त्यामुळे जमा झालेली प्रेक्षकसंख्या पुसली जात नाही. तरीही बरीच चॅनेले एकदा चिकटवलेले चित्र वर्षानुवर्षे हलवत नाहीत.

फोटोकडे जरा जवळून पाहू. चकलीच्या थंबनेलांत सर्वाधिक दिसतो तो ताटभर रचलेला ढीग, मागे पणती, वर झेंडूची माळ. फोनवर हे चित्र बोटाच्या दोन पेरांएवढे होते. त्या आकारात ढीग म्हणजे तपकिरी डाग, पणती म्हणजे पिवळा ठिपका आणि झेंडू म्हणजे केशरी गिचमिड. आता त्याऐवजी एकच चकली घ्या, तळहाताएवढी मोठी दिसेल इतक्या जवळून, आणि ती मोडा. मोडलेल्या टोकाशी आतली पोकळ नळी दिसते. चकलीच्या जाणकाराला ती नळी दिसली की पुढे काही सांगावे लागत नाही, कारण कुरकुरीतपणाची खूण तीच. काटे बाजूच्या प्रकाशात उभे राहतात, म्हणून दिवा किंवा खिडकी समोरून न घेता कडेने घ्यावी. फ्लॅश मारला की तेल चकाकते आणि चकली तेलकट दिसते. घरचा नाश्ता करून निघालेल्या माणसालाही त्याने मळमळते. उकडीच्या मोदकाचे असेच. एकवीस मोदकांच्या ताटापेक्षा केळीच्या पानावर उकललेला एक मोदक, आतले गूळखोबरे, वर ओघळणारे तूप. कळ्या मोजता याव्यात इतका तो जवळ हवा. मोदकाच्या थंबनेलखाली कळ्या मोजणारे प्रेक्षक असतातच, आणि ते दुर्बीण लावून बसलेले असतात.

अक्षरांचा प्रश्न देवनागरीत वेगळा आहे. रोमन लिपीतली मोठी अक्षरे एका पट्टीत मावतात. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. ‘उकडीचे’ या शब्दाला वर जागा लागते, आणि ती दिली नाही तर दोन ओळींतल्या मात्रा आणि उकार एकमेकांच्या गळ्यात पडतात. अक्षराभोवती जाड काळी कड द्यायची जी फॅशन आहे तिने ‘ष’ आणि ‘ण’ यांची पोटे बुजतात. म्हणून शब्द तीन-चारच असावेत आणि टंक असा असावा की जो जाड असूनही आत श्वास घेतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने बनवलेले मुक्ता आणि बलू हे टंक अशा कामाला उपयोगी आहेत आणि फुकट मिळतात. त्यांच्याच एका गुबगुबीत देवनागरी टंकाचे नाव मोदक आहे! तो इतका जाड आहे, की त्यात अख्खे वाक्य लिहिण्याचा मोह आवरावा. ‘बाप्पा’ लिहायला मात्र तो नामी. खालच्या उजव्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी सांगणारी काळी चौकट बसते आणि अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओच्या तळाशी लाल रेघ येते. तिथे ‘तिळगूळ’ लिहिले की शेवटचा ‘ळ’ गिळला जातो.

मजकुराला जागा करण्यासाठी फोटो आरशासारखा उलटा करणे ही डिझाइनरची रोजची सवय. मॉडेलच्या फोटोत ते खपून जाते. गणपतीच्या फोटोत नाही. डाव्या सोंडेचा गणपती एका क्लिकसरशी उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानणाऱ्या समाजात हे लक्षात येत नाही असे समजू नये. प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा. तो उलटवला तर मूर्ती ओळखीची राहत नाही. नऊवारीतल्या बाईचा फोटो उलटवला की पदर उजव्या खांद्यावर जातो. एआयने बनवलेल्या चित्रांत याच्याही पुढची गंमत असते: बोटे सहा, मोदकाच्या कळ्या साच्यातल्यासारख्या एकसारख्या, आणि हळदीकुंकवाच्या ताटात भलत्याच प्रांतातली भांडी. सणाचे चित्र पाहणारा माणूस त्या विषयातला तज्ज्ञ असतो, कारण तो सण त्याने जन्मभर केलेला असतो.

रंगांबद्दल थोडेच. ऑक्टोबरमध्ये सगळी यादी केशरी-पिवळी होते. प्रत्येकाकडे पणत्या, प्रत्येकाकडे झेंडू. त्या गर्दीत साधी शेणाने सारवलेली जमीन आणि त्यावर पांढरी ठिपक्यांची रांगोळी असे थंबनेल लांबून ओळखू येते. दुसरे असे, की यूट्यूब कुणाच्या फोनवर पांढऱ्या पार्श्वभूमीत असते आणि कुणाच्या काळ्या. पांढऱ्या काठाचे चित्र पहिल्यात विरघळते, काळ्या काठाचे दुसऱ्यात. दोन्हीकडे पाहूनच शेवटचा हात फिरवावा.

आकड्यांकडे पाहून घाबरण्याचा रोगही सणातच बळावतो. थंबनेल निम्म्याहून जास्त दिसले आणि एका सेकंदाहून अधिक वेळ पडद्यावर राहिले, की यूट्यूब ते एकदा ‘दाखवले’ असे मोजते. त्यातले किती जण व्हिडिओ उघडतात ते शेकड्यात सांगितले जाते, आणि यूट्यूबच्याच सांगण्याप्रमाणे निम्म्या चॅनेलांचे हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. सणाच्या आठवड्यात व्हिडिओ नेहमीच्या प्रेक्षकांपलीकडे, अनोळखी लोकांना दाखवला जातो. साहजिकच टक्केवारी खाली येते, पाहणाऱ्यांची एकूण संख्या मात्र वाढलेली असते. नेमके तेव्हा घाबरून चांगले थंबनेल काढून टाकणारे कमी नाहीत. २०२४ मध्ये यूट्यूबने एकाच व्हिडिओला तीन थंबनेले लावून तुलना करण्याची सोय सर्वत्र खुली केली. निकाल क्लिकवर ठरत नाही, कोणत्या थंबनेलमुळे लोकांनी व्हिडिओ जास्त वेळ पाहिला यावर ठरतो, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. पण ही तुलना दोन आठवड्यांपर्यंत चालू शकते. नरकचतुर्दशीला उटण्याच्या व्हिडिओची तुलना लावली, तर निकाल हाती येईपर्यंत आंघोळ होऊन तुळशीचे लग्नही लागायला आलेले. सणाची चाचणी सणाच्या आधी, त्याच जातीच्या जुन्या व्हिडिओवर करून ठेवायची असते: दिवाळीच्या रांगोळीसाठी गौरी-गणपतीच्या रांगोळीवर, फराळासाठी श्रावणातल्या तळणीवर.

डोळे विस्फारलेला, तोंड उघडे टाकलेला चेहरा हे थंबनेलचे जगन्मान्य चिन्ह झाले आहे. ज्याच्यामुळे ते रूढ झाले त्या मिस्टर बीस्ट या यूट्यूबरनेच पुढे तोंड मिटलेले फोटो वापरून पाहिले आणि लोक व्हिडिओ जास्त वेळ पाहतात असे जाहीर सांगितले. मराठीत अजून अळूवडीसमोरही भूत पाहिल्यासारखे चेहरे दिसतात.

फसवणुकीचा विषय इथे टाळता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतासाठी खास जाहीर केले, की शीर्षकात किंवा थंबनेलमध्ये जे वचन दिले ते व्हिडिओत नसेल, विशेषतः ताज्या घडामोडींच्या बाबतीत, तर असे व्हिडिओ काढून टाकले जातील. त्यावर मराठी वाचक हसून म्हणेल, की आमच्याकडे ‘आवाज’ होता. मधुकर पाटकरांच्या त्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रे कोण विसरेल? वरच्या पानाला कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसायचे, पान उलटले की आत अगदी सोज्वळ प्रसंग. तीही फसवणूकच होती. फरक असा, की वाचक त्या फसवणुकीचे पैसे राजीखुशीने देत होता, आणि उलगडा एका बोटाच्या हालचालीवर होता. पान उलटताच तो हसत असे. ‘ही एक चूक केली तर लक्ष्मी घरात थांबणार नाही’ असे थंबनेल लावून अकरा मिनिटे ताटकळत ठेवणारा व्हिडिओ त्या परंपरेत बसत नाही. सणाच्या आदल्या दिवशी भोळ्या माणसाला भीती घालून उघडायला लावणे हा या क्षेत्रातला सर्वांत ओंगळ प्रकार आहे आणि तो वाढतो आहे.

परदेशातल्या मराठी प्रेक्षकासाठी एक वेगळे प्रकरण पुढे आहे, त्यातला एकच मुद्दा इथे. तिथली महाराष्ट्र मंडळे गणपती बहुधा शनिवार-रविवार पाहून बसवतात. चतुर्थी बुधवारी असली तरी सजावटीचा शोध त्या आठवड्याच्या शेवटापर्यंत चालू राहतो. आणि मुंबईचा मुहूर्त छापलेले थंबनेल न्यूजर्सीतल्या माणसाच्या कामाचे नसते. परदेश दूरच, गोव्यात तर एकाच स्वयंपाकघराच्या चॅनेलला चवथीच्या नेवऱ्या आणि नाताळची बेबिंका अशी दोन हंगामांची तयारी ठेवावी लागते. त्यातला दुसरा तरी २५ डिसेंबरला ठाम असतो.

कोकणात जाणाऱ्यांचे घड्याळ रेल्वेच्या आरक्षणाशी जोडलेले. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. २७ ऑगस्टच्या गणपतीसाठी चाकरमानी जूनच्या अखेरीस गाडी शोधत होता, तेव्हा त्याला गाडीच्या डब्याचे थंबनेल हवे होते. हिरव्यागार शेतातून डोक्यावर मूर्ती घेऊन येणारी माणसे हे चित्र कितीही सुंदर असले तरी त्याची वेळ पुढची.

राहता राहिले जुने व्हिडिओ. सणाच्या चॅनेलची खरी ठेव तीच, कारण पुरणपोळी दरवर्षी तीच असते. पण जुन्या थंबनेलांत काही गोष्टी शिळ्या होतात. २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर महाराष्ट्रात थर्माकोलचे मखर बाद झाले, तरी त्याआधीचे झगमगते मखर दाखवणारी थंबनेले आजही श्रावणात वर येतात. बनवणाऱ्याने तो व्हिडिओ ठेवायचा तर ठेवावा, पण त्याला नवे चित्र लावून हौशी मंडळींना दुकानात हेलपाटे घालायला लावू नये. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या मखराचा नवा व्हिडिओ करावा. चित्रावर छापलेले साल ही तशीच डोकेदुखी. साल असले की त्या मोसमात भरवसा वाटतो, आणि जानेवारी उजाडला की तेच थंबनेल जुनाट दिसते. साल बदलले आणि आतली माहिती तीच ठेवली तर ते नऊ रंगांच्या बाबतीत चालत नाही. पुरणपोळीला मुळात सालच लागत नाही. २०२६ मध्ये नवरात्र ११ ऑक्टोबरला, रविवारी, बसते आहे, तेव्हा साड्यांच्या ओळीत पहिली केशरी हवी. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. त्या हिशेबाने अनारशाचे तांदूळ ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भिजतील आणि त्यांचे थंबनेल त्याच्याही आधी तयार असायला हवे. भाऊबीज झाली की ‘शेवटच्या क्षणी’, ‘उद्याच करा’ असली अक्षरे उतरवून चकलीला पुन्हा साधे चित्र लावावे. ती नोव्हेंबरातही खाल्ली जाते, मार्चमध्ये परीक्षेला बसलेल्या मुलांच्या डब्यातही असते, आणि मे महिन्यात सुट्टीला माहेरी आलेल्या लेकीसाठी पुन्हा सोऱ्या निघतो.